व्ह्यूज मोजण्याआधी गाणे ऐकावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नव्या मराठी सिंगल्सवर नियमित मजकूर येऊ लागला, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. चित्रपटाचा आधार न घेता एकेकटे प्रसिद्ध होणारे गाणे हा आज मराठी संगीतातला सर्वांत जिवंत भाग आहे, आणि दैनिकाने त्याची दखल घ्यायलाच हवी. तक्रार आहे ती दखल घेण्याच्या पद्धतीबद्दल. गाण्याला किती व्ह्यूज मिळाले, चित्रीकरण कुठे झाले, नायक-नायिका कोण, गाणे किती दिवस ट्रेंडिंगला होते, एवढे सांगून परीक्षण संपते. चाल कशी आहे, शब्द चालीत बसलेत का, ढोलकी माणसाने वाजवली की तयार तुकडा चिकटवला, गळ्यावर किती प्रक्रिया केली, यातले एक अक्षर नसते. ध्वनिमुद्रण, संगीत संयोजन आणि वाद्यवादन हेच आमचे काम असल्याने नवे सिंगल कसे ऐकावे आणि सध्याच्या गाण्यांत नेमके काय बिघडते आहे, ते तपशिलाने लिहीत आहोत.

आधी व्ह्यूजबद्दल. यूट्यूबवर गाणे पैसे भरून जाहिरात म्हणून चालवता येते. दुसऱ्या व्हिडिओच्या आधी 'स्किप' करता येणारी जी जाहिरात लागते, ती कोणी ३० सेकंद पाहिली किंवा तिच्यावर क्लिक केले, तर तोही व्ह्यू त्या गाण्याच्या आकड्यात जमा होतो. सप्टेंबर २०१९ मध्ये यूट्यूबने आपल्या संगीताच्या चार्टमधून असे जाहिरातीचे व्ह्यूज वगळले. तेव्हापासून चार्टवरचे स्थान आणि व्हिडिओखालचा आकडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शॉर्ट्सचा हिशेब ३१ मार्च २०२५ पासून आणखी निराळा झाला: शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा फिरला की व्ह्यू धरला जातो, किती वेळ पाहिला याची अट नाही. स्पॉटिफायवर मात्र ३० सेकंद ऐकल्याशिवाय स्ट्रीम मोजला जात नाही. म्हणजे तीन आकडे तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगतात. बातमीत आकडा छापायचाच असेल तर तो कुठला, हे तरी लिहावे. ज्या मुलाकडे जाहिरातीला पैसे नाहीत त्याचे गाणे केवळ आकडा लहान म्हणून तुमच्या पानावर येत नाही, हा अन्याय आहे.

गाणे ऐकताना चित्र बंद ठेवावे. फोन पालथा ठेवला तरी पुरते. मग तेच गाणे तीन ठिकाणी ऐकावे: वायरच्या इयरफोनवर, मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर आणि गाडीत किंवा घरातल्या मोठ्या स्पीकरवर. मोबाइलचा स्पीकर साधारण २०० ते ३०० हर्ट्‌झच्या खाली फारसे काही देऊ शकत नाही, आणि आजच्या पॉपमधला बेस ४० ते ६० हर्ट्‌झच्या आसपास असतो. त्यामुळे कच्चे मिक्सिंग असलेले गाणे गाडीत दणदणते आणि फोनवर पोकळ होते. जाणकार माणूस बेसवर थोडे सॅच्युरेशन (आवाजाची हलकी, मुद्दाम केलेली विकृती) देऊन त्याचे वरचे स्वरांश तयार करतो. मग मूळ खर्ज स्पीकरमधून निघाला नाही तरी कानाला त्याची जाणीव राहते. हे काम केलेय की टाळलेय, ते फोन आणि गाडी अशी तुलना केल्याशिवाय कळत नाही.

दोन गाण्यांची तुलना करताना आवाजाची पातळी सारखी हवी. जास्त मोठे ऐकू येणारे गाणे पहिल्या क्षणी जास्त चांगलेच वाटते, आणि याचमुळे मास्टरिंग (गाण्यावरचा शेवटचा ध्वनिसंस्कार) करताना लिमिटर (आवाजाची शिखरे चेपणारे साधन) दाबत नेण्याची चढाओढ लागलेली आहे. ही पातळी एलयूएफएस या एककात मोजतात. स्टुडिओत सगळे 'लफ्स' म्हणतात. हा उणे आकडा शून्याच्या जितका जवळ तितके गाणे मोठे. स्पॉटिफाय आणि यूट्यूब मोठ्या आवाजाची गाणी उणे १४ लफ्सच्या आसपास खाली आणतात, अ‍ॅपल म्युझिक उणे १६ च्या आसपास. आपल्याकडची कित्येक सिंगल्स मात्र उणे ७-८ वर तयार होऊन येतात. प्लॅटफॉर्म ती सहा-सात डेसिबलने खाली ओढतो, म्हणजे मोठेपणाचा फायदा उरत नाही. आणि लिमिटरखाली चेपलेले ठोके काही परत उभे राहत नाहीत. हे तपासायला स्टुडिओची गरज नाही. संगणकावर यूट्यूब उघडून व्हिडिओवर माउसचे उजवे बटण दाबावे आणि 'स्टॅट्स फॉर नर्ड्‌स' निवडावे. तिथे 'कंटेंट लाउडनेस' असा आकडा दिसतो. तो सहा-सात डेसिबल असेल तर गाणे गरजेपेक्षा तेवढे जास्त दाबलेले आहे असे समजावे. शून्याच्या जवळ असेल तर ज्याने मास्टर केले त्याला काम कळते. आकडा उणे असेल तर गाणे इतरांपेक्षा हळू वाजेल, कारण यूट्यूब मोठे गाणे लहान करते, लहान गाणे मोठे करत नाही.

आता तालवाद्यांकडे येतो, कारण मराठी सिंगलचा जीव तिथे आहे आणि सर्वांत जास्त नुकसानही तिथेच होते आहे.

बाजारात ढोलकीच्या तयार तुकड्यांचे संच मिळतात. त्यातला एक तुकडा उचलायचा, गाणे संपेपर्यंत फिरवत ठेवायचा आणि त्यावर सिंथ चढवायचा, ही आजची सोपी रीत. तुकडा ओळखायला ताल शिकलेला असावा लागत नाही. चार-चार आवर्तनांनी तोच तोडा त्याच जागी येतो, डाव्या पुडीचा घुमारा प्रत्येक वेळी तितकाच लांब असतो आणि गायक कुठेही थांबला तरी ढोलकी त्याची दखल घेत नाही. जिवंत वादक शब्दांकडे कान ठेवून वाजवतो. अंतऱ्याच्या शेवटच्या ओळीत तो हात मोकळा करतो, समेवर येण्याआधी क्षणभर रोखून धरतो, गायिकेने जागा घेतली की बोल कमी करतो. लावणीच्या चालीला हे सगळे लागतेच.

तुकड्यात दोन तांत्रिक बिघाड होतात. पहिला लयीचा. १०० बीपीएमला (मिनिटाला १०० ठोके) मुद्रित केलेला तुकडा ११८ च्या गाण्यात बसवायचा तर त्याची गती १८ टक्के वाढवावी लागते. पाच टक्क्यांपर्यंत कानाला कळत नाही. दहाच्या पुढे गेले की थापेची धार फाटते आणि 'ता'चा टणत्कार दुहेरी ऐकू येतो. दुसरा बिघाड स्वराचा. ढोलकीची शाईची, म्हणजे उजवी पुडी गाण्याच्या षड्जाला लावलेली असते. काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या स्वराला) लावलेल्या ढोलकीचा तुकडा काळी चारच्या गाण्यात तसाच टाकला की उजव्या पुडीचा प्रत्येक ठोका गाण्याशी भांडतो. संगणकावर स्वर सरकवून जुळवला तर आवाज प्लॅस्टिकचा होतो, कारण स्वराबरोबर लाकडाचा आणि चामड्याचा पोतही सरकतो. पुष्कळ नव्या गाण्यांत काहीतरी खटकते पण काय ते सांगता येत नाही. बहुतेक वेळा हे खटकणे ढोलकीच्या पट्टीचे असते.

उपाय महागडा नाही. बाकीचे गाणे संगणकावर करा, पण ढोलकीवाल्याला अर्ध्या शिफ्टसाठी बोलवा. आधी त्याला शब्दांसकट चाल ऐकवा, मग पट्टी सांगा, मग पूर्ण गाण्याचे तीन वेळा सलग वादन घ्या. तुकड्यातुकड्यांनी घेऊ नका, त्यात चलन तुटते. उजव्या पुडीला सहा ते आठ इंचांवर एक माइक, डावीला थोडा आणखी लांब दुसरा. दोन्ही माइक एकत्र ऐकताना घुमारा पातळ वाटला तर एकाची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची दिशा) उलटी करून पाहावी. खर्ज भरून आला तर आधीची जोडणी चुकली होती. कॉम्प्रेसरचा (मोठा आवाज आवरणाऱ्या साधनाचा) अटॅक, म्हणजे पकड घेण्याचा वेळ, १५ ते ३० मिलिसेकंद ठेवावा. तो दोन-तीन मिलिसेकंदांवर आणला की थापेचा पहिला फटकाच खाल्ला जातो आणि मागची गुंज तेवढी राहते.

हलगीचे प्रकरण आणखी नाजूक आहे, आणि कोल्हापूरच्या वाचकांना ते सांगायलाच हवे. आपल्या जिल्ह्यात हलगी, घुमके (खर्जाचे तालवाद्य) आणि कैताळ (झांजेसारखे धातूचे वाद्य) हा मेळ यात्रेत, कुस्तीच्या मैदानात, मिरवणुकीत वाजतो. नव्या सिंगल्समध्ये त्यातली फक्त हलगी उचलली जाते, तीही सुरुवातीचे चार सेकंद, वातावरण म्हणून. मग तिच्या जागी इलेक्ट्रॉनिक टाळी येते. हलगी ही वातावरणाची वस्तू नाही, ती लय पुढे ढकलते. घुमक्याचा खर्ज काढून घेतला की हलगी हवेत लटकते. आणि हल्लीच्या गाण्यांत त्या जागी बेस-ड्रम ठेवलेला असतो तो सरळ चार ठोक्यांचा. घुमक्याच्या आघातांच्या जागा वेगळ्या असतात. बेस-ड्रम त्या जागांवर ठेवून पाहावा, गाणे लगेच आपल्या मातीवर येते.

हलगीचे चामडे ओलाव्याने सैल पडते. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये ती शेकल्याशिवाय बोलतच नाही, आणि शेकलेला ताव थोड्याच वेळात उतरतो. म्हणून ध्वनिमुद्रणाला दोन हलग्या ठेवाव्यात: एक वाजत असताना दुसरी तापत राहील. एकाच हलगीवर सगळे गाणे घेतले तर शेवटच्या कडव्यापर्यंत आवाज खाली आलेला असतो आणि पहिल्या व शेवटच्या भागाची जोडणी लपत नाही. माइक तोंडाशी धरू नये. तीन-चार फुटांवरून घेतल्याशिवाय कड्याचा आणि चामड्याचा आवाज एकत्र होत नाही. कैताळाची चमक नेमकी गाण्यातल्या व्यंजनांच्या पट्ट्यात, साधारण तीन ते आठ किलोहर्ट्‌झमध्ये असते. ती मधोमध ठेवली की शब्द कळत नाहीत. एका बाजूला सारावी आणि गळा चालू असताना तीन-चार डेसिबल खाली आणावी.

एक गोष्ट कोळीगीताच्या अंगाने जाणाऱ्या सहा-आठच्या (सहा मात्रांच्या ठेक्याच्या) गाण्यांबद्दल. संगणकात प्रत्येक ठोका मात्रांच्या आखीव जाळीवर शंभर टक्के नेमका बसवण्याची सोय असते. ती तशीच वापरली की लचक जाते. तिसरी आणि सहावी मात्रा किंचित मागे रेंगाळण्यात जी मजा असते तीच निघून जाते. ७० ते ८० टक्क्यांवर थांबावे, किंवा कोणी खंजिरी-मंजिरी हाताने वाजवून त्यावर उरलेले बसवावे.

आता गळा. ऑटो-ट्यून हे सॉफ्टवेअर अँटारेस या कंपनीने १९९७ मध्ये आणले, आणि आज त्याच्याशिवाय किंवा त्याच्यासारख्या दुसऱ्या साधनाशिवाय क्वचितच गाणे बाहेर पडते. ते वापरले म्हणजे गायक खोटा, असे आम्ही मानत नाही. सिंगल ही ध्वनिमुद्रित कृती आहे, मैफल नव्हे. रॅपमध्ये किंवा नाचाच्या गाण्यात यंत्रासारखा आवाज मुद्दाम हवा असेल तर तो हक्काचा परिणाम आहे. आक्षेप आहे तो न समजता वापरण्यावर.

या साधनात स्वर किती वेगाने ओढायचा ते मिलिसेकंदांत ठरवता येते. शून्यावर ठेवले की प्रत्येक स्वर खटकन जागेवर जातो. २० ते ४० च्या दरम्यान ठेवले तर गळ्याची हालचाल बरीच शाबूत राहते. मराठी चालीत मींड असते, आणि मींड म्हणजे दोन स्वरांमधला अखंड प्रवास. शून्याच्या आसपास ठेवलेले यंत्र त्या प्रवासाच्या पायऱ्या करते. मुरकीचे तसेच: चार स्वरांचा गुच्छ एका झटक्यात घेतलेला असतो, यंत्र त्यातले दोन गिळते. दुसरी चूक सप्तकाची. यंत्राला गाण्याचा 'मेजर' किंवा 'मायनर' सांगून मोकळे होतात. पिलूच्या अंगाची चाल असेल तर तिच्यात कोमल आणि शुद्ध दोन्ही गंधार येतात. यंत्राला एकच माहीत असतो, म्हणून ते दुसऱ्याला ढकलून देते. गायिकेने बरोबर गायलेली जागा अशा रीतीने बेसूर होऊन लोकांपुढे येते आणि नाव तिचे खराब होते.

याला पर्याय म्हणजे ओळीओळीने, हाताने दुरुस्ती. लांब ठेवलेले स्वर तेवढे सावरावेत, मुरक्या आणि मींड यांना हात लावू नये. अर्थात दुरुस्तीची वेळच कमी यावी यासाठी ध्वनिमुद्रणात गायकाच्या हेडफोनमध्ये तानपुरा सोडावा. नुसत्या बीटवर गाताना सूर धरायला आधार नसतो. श्वास कापू नयेत. पाच टेकमधून निवडून ओळी जोडताना सगळे श्वास पुसले की गाणारा माणूस नाहीसा होतो. सहा डेसिबल खाली आणले तरी पुरे.

पट्टीचा घोळ तर सर्रास आहे. बीट आधी बनते, बनवणाऱ्याच्या सोयीच्या स्वरात, आणि मग गायिकेला बोलावले जाते. तिची पट्टी काळी चार असेल आणि ट्रॅक दोन सूर वर असेल तर मुखडा ती ओरडून गाते. ते ओरडणे मिक्सिंगमध्ये 'ऊर्जा' म्हणून चालवून घेतात. आधी पेटी घेऊन पट्टी ठरवा, मुखड्याचा सर्वांत वरचा स्वर तिच्या गळ्यात मोकळा लागतो का पाहा, मग ट्रॅक बनवा. पंधरा मिनिटांचे काम आहे.

शब्दोच्चारांकडे परीक्षकांचे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, आणि मराठी दैनिकाने तरी ते करू नये अशी आमची कळकळीची विनंती आहे. 'चंद्र' आणि 'चांदणे' यांतला च सारखा नाही. 'माझा' आणि 'माझी' यांतला झ सारखा नाही. प्रेमगीतात हेच शब्द दर दुसऱ्या ओळीला येतात आणि हल्ली ते दोन्ही एकाच छापाने उच्चारले जातात. 'डोळे'चे 'डोले' आणि 'पाणी'चे 'पानी' हे तर इतके रुळले की कोणी हटकतही नाही. अमराठी गायकांनी मराठीत गाणे ही आनंदाचीच गोष्ट आहे. ध्वनिमुद्रणाच्या वेळी गीतकाराने काचेपलीकडे बसून उच्चार दुरुस्त करून घ्यायचे असतात. बऱ्याच ठिकाणी गीतकाराला त्या दिवशी बोलावतच नाहीत. उच्चार बरोबर असूनही यंत्र बिघडवते तेही लक्षात घ्यावे: 'स'ची शिट्टी कमी करायला डी-एसर लावतात, तो प्रमाणाबाहेर गेला की 'साजणी' बोबडी ऐकू येते.

लघु-गुरूचे भान हा याच्या पुढचा मुद्दा. 'किती' या शब्दात पहिले अक्षर ऱ्हस्व, दुसरे दीर्घ. चालीने पहिल्यावर दोन मात्रा थांबायला लावले की 'कीऽती' होते, आणि शब्द परका वाटू लागतो. हिंदी किंवा पंजाबी चाल डोक्यात ठेवून त्यावर मराठी शब्द भरले की हे हमखास घडते. ओळ आधी बोलून पाहावी, बोलताना जिथे जोर येतो तिथेच समेचा किंवा लांब स्वर यावा. ज्या शहरात १९१९ मध्ये सुधीर फडके जन्मले आणि जिथे जगदीश खेबुडकरांनी आयुष्यभर गाणी लिहिली, तिथल्या वाचकांना शब्द आणि सूर यांची सांगड वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

कोल्हापुरी बोलीची गाणी सध्या पुष्कळ येतात, त्याबद्दलही बोलायला हवे. त्यात कोल्हापूर म्हणजे चप्पल, रस्सा, मिशा आणि बुलेट. बोली मात्र नसते. इथल्या मुली 'मी आलो', 'मी जातो' असे सहज म्हणतात. गाण्यातली कोल्हापूरची मुलगी 'मी आले गं' म्हणते. इथे 'काय करालायस' विचारतात, गाण्यात 'काय करतोयस रं' येते आणि शेवटी एक 'रं' जोडला की बोली झाली असे धरले जाते. असे शब्द ऐकले की कानाला खोटे लागते. याउलट रॅप करणारी आपल्या भागातली पोरे स्वतःच्या तोंडची भाषाच लिहितात, म्हणून त्यांचे शब्द ठोक्यावर अचूक पडतात आणि आघात कुठेही चुकत नाहीत. नव्या मराठी गाण्यात भाषेच्या बाबतीत सर्वांत प्रामाणिक काम या मुलांचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तुमच्या पुरवणीत त्यांच्यावर अजून एक ओळ आलेली नाही.

गाण्याच्या बांधणीबद्दल थोडक्यात. ३० सेकंदांच्या हिशेबामुळे आणि रील्समुळे मुखडा पहिल्या पाच-सात सेकंदांतच आणतात, एकच अंतरा ठेवतात, गाणे अडीच मिनिटांत आटोपतात. लांबीबद्दल तक्रार नाही. ७८ आरपीएमच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूलाही तीन-साडेतीन मिनिटेच मावत, आणि तेवढ्यात मुखडा, दोन अंतरे आणि मधले वाद्यसंगीत असे सगळे बसत असे. चूक होते ती आधी १५ सेकंदांचा रीलचा तुकडा रचून नंतर उरलेले गाणे त्याला शिवण्यात. अंतऱ्याला स्वतःची चाल नसते, मुखडाच खालच्या स्वरात गायलेला असतो. अंतरा ऐकताना मुखड्यापेक्षा नवीन एकही स्वरवाक्य मिळाले नाही, तर गाणे अशा रीतीने शिवलेले आहे असे समजावे.

जुन्या गाण्यांच्या नव्या आवृत्त्यांना परीक्षणात सरसकट 'मानवंदना' म्हटले जाते. कॉपीराइट कायद्याचे कलम ३१-सी सांगते की, मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झाले ते वर्ष संपल्यापासून पाच वर्षांच्या आत अशी आवृत्ती काढता येत नाही. आधी सूचना द्यावी लागते, दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी भरावी लागते आणि मूळ रचनेत बदल करता येत नाही. शब्द बदलायचे, मध्ये रॅप घालायचा तर हक्कधारकाची वेगळी परवानगी हवी. गीत-संगीताचा हक्क गीतकार-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. त्यामुळे ज्या गाण्याचा कवी किंवा शाहीर सर्वांना ठाऊक आहे त्याच्यापुढे 'पारंपरिक' असे लिहिणे म्हणजे त्याच्या वारसांचे पैसे बुडवणे आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला वाटा कायम मिळावा अशी तरतूद झाली. पण नावच नोंदले नाही तर वाटा कुणाला देणार? तुमच्या परीक्षकाने 'पारंपरिक' हा शब्द दिसला की एकदा विचारपूस करावी, एवढ्याने पुष्कळ फरक पडेल.

नावांचाच आणखी एक प्रश्न. स्पॉटिफायवर गाण्याच्या तीन टिंबांवर दाबले की क्रेडिट्स दिसतात; गीतकार, संगीतकार तिथे सहसा असतात. ढोलकी कोणी वाजवली, कोरस कोणी गायला, मिक्सिंग-मास्टरिंग कोणाचे, हे अनेकदा नसते. ही नावे लपलेली नसतात, विचारली की मिळतात. दैनिकात वादकाचे नाव छापून आले तर पुढच्या निर्मात्याला तयार तुकड्याऐवजी त्याला बोलवावेसे वाटते.

घरच्या खोलीत गाणी करणाऱ्या तरुणांसाठी दोन ओळी जागा असेल तर छापाव्यात. खोलीतल्या रिकाम्या भिंतींमुळे येणारा पोकळ नाद नंतर कोणत्याही यंत्राने नीट निघत नाही. गायकाच्या पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना जाड गोधड्या टांगाव्यात. माइक सहा ते आठ इंचांवर, तोंडाच्या किंचित बाजूला. मुद्रण २४ बिटमध्ये, सर्वांत मोठा स्वर उणे १० डेसिबलच्या आसपास राहील असे. मास्टर करताना ट्रू पीक (आवाजाचे खरे शिखर) उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये, नाहीतर प्लॅटफॉर्मवर फाइल आवळली जाताना आवाज चरचरतो. गाणे वितरकाकडे प्रसिद्धीच्या दिवसाआधी किमान तीन आठवडे पाठवावे आणि आयपीआरएसची (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेची) नोंदणी प्रसिद्धीच्या आधीच करून ठेवावी.

सदरासाठी आमची सूचना अशी. आठवड्याला दहा गाण्यांची यादी देण्यापेक्षा दोनच गाणी घ्यावीत आणि प्रत्येकावर तीनशे शब्द लिहावेत. सुरुवातीला पूर्ण श्रेयनामावली, वादकांसकट. मग चाल, शब्द, गळा, ताल आणि मिक्सिंग यांवर मत, आणि मताला कारण. 'ठेका जमला नाही' एवढे पुरेसे नाही. कुठल्या मिनिटाला, कशामुळे ते लिहावे. चांगल्या जागाही तशाच नेमक्या सांगाव्यात. व्हिडिओबद्दल शेवटी दोन वाक्ये पुरेत. दोन गाण्यांपैकी एक तरी मोठ्या लेबलचे नसावे, गडहिंग्लज, कागल, इचलकरंजी, शाहूवाडी इथल्या मुलांपर्यंत हे पान पोचले पाहिजे.

गणपतीच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत सर्वाधिक नवी गाणी येतात आणि घाईने केलेल्या कामाचे प्रमाणही तेव्हाच सर्वांत जास्त असते. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीवर वाजणार म्हणून त्यांचा बेस आधीच फुगवलेला असतो. तिथल्या सिस्टीमवर तो आणखी चढतो आणि शब्द बुडतात. साधारण १०० हर्ट्‌झच्या खालचा भाग मोनो (दोन्ही बाजूंना सारखा) ठेवून दोन-तीन डेसिबल कमी केला तर मिरवणुकीतही गणपतीचे नाव स्वच्छ ऐकू येईल. सदराचे हे नवे रूप त्या हंगामाच्या आधी सुरू झाले तर परीक्षणाचा उपयोग गाणी बनत असतानाच होईल. ढोलकी-हलगीच्या पट्टीबद्दल किंवा ध्वनिमुद्रणाबद्दल परीक्षकांना काही विचारायचे असल्यास आम्ही विनामूल्य मदत करू. कार्यालयात येऊन दोन स्पीकरवर प्रत्यक्ष ऐकवूनही दाखवू.

कळावे,
आपले,
ध्वनिमुद्रण, संगीत संयोजन व वाद्यवादनाच्या कामातील काही वाचक,
कोल्हापूर